प्रतिनिधि : एका विरळ आडनांवाची कुळकथा

आडनांव जितकें विरळ तितकें तें जुनें, अशी एक समजूत आपल्या लोकांत रूढ आहे. लग्नकार्यांत किंवा आगगाडींत एखाद्या गृहस्थानें कधीं कानीं न पडलेलें आडनांव सांगितलें, म्हणजे समोरचा मनुष्य लगेच 'आपण मूळचे कोठले?' असें विचारतो, आणि उत्तर येण्यापूर्वींच मनांतल्या मनांत त्या घराण्याच्या वयांत दोन शतकांची भर घालून ठेवतो. जाधव, मोरे, पवार, कुलकर्णी यांना असा प्रश्न सहसा कोणी करीत नाहीं. जणूं काय तीं आडनांवें कोणीतरी काल सकाळीं वांटून गेलें! आमच्या मतें हा हिशेब बहुतेक ठिकाणीं उलटा आहे. जाधव, मोरे, पवार, चव्हाण हीं कुळांचीं नांवें शिवशाहीच्याहि कितीतरी आधींचीं आहेत. तीं पसरलीं याचें एक कारण हेंच, कीं त्यांस पसरावयास काळ मिळाला. जें आडनांव आज थोडक्याच घरीं सांपडतें, तें पुष्कळदां अलीकडचें असतें. तें एकाच पुरुषापासून निघालेलें असतें, आणि ज्या प्रसंगानें तें उत्पन्न झालें तो प्रसंग इतिहासांत पुन्हां न आल्यामुळें त्याची संख्या वाढलेली नसते.

सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांशीं जडलेलें 'प्रतिनिधि' अथवा 'पंतप्रतिनिधि' हें आडनांव याच जातीचें आहे. हा शब्द म्हणून पाहूं गेल्यास याच्याइतका सुळसुळाट झालेला संस्कृत शब्द मराठींत दुसरा क्वचितच असेल. बातमीच्या माथ्यावर 'आमच्या प्रतिनिधीकडून' असें छापलेलें असतें. निवडणुका झाल्या कीं लोकप्रतिनिधींच्या मिरवणुका निघतात. औषधांच्या कारखान्यांचे प्रतिनिधि डॉक्टरांच्या दारीं बॅगा घेऊन ताटकळत असतात. शब्द असा घरोघरचा झाला, आणि आडनांव मात्र दोन घराण्यांपलीकडे गेलें नाहीं. या आडनांवाच्या गृहस्थानें एखाद्या कचेरींत आपलें नांव सांगावें आणि कारकुनानें मान वर न करतां 'कोणाचे प्रतिनिधि?' असें विचारावें, हा विनोद सहज घडण्यासारखा आहे. परंतु त्या कारकुनाचा प्रश्न वाटतो तितका अडाणीपणाचा नाहीं. कोणाचे प्रतिनिधि? या घराण्याचा सारा इतिहास या एका प्रश्नाच्या उत्तरांत आहे, आणि तें उत्तर काळानुसार बदलत गेलें आहे.

त्या इतिहासाकडे वळण्यापूर्वीं आडनांवें बनतात कशीं याविषयीं चार शब्द लिहिणें भाग आहे. आपल्याकडे आडनांव ही वस्तु आज जितकी आवश्यक वाटते तितकी पूर्वीं नव्हती. सतराव्या शतकांतील कागदांत मनुष्य बहुधा स्वतःचें नांव, बापाचें नांव आणि हुद्दा येवढ्यावर ओळखला जातो. मोरो त्रिंबक, अण्णाजी दत्तो, रामचंद्र नीळकंठ, शंकराजी नारायण हीं नांवें आपण अशींच ऐकत आलों. त्यांच्या घराण्यांस आडनांवें नव्हतीं असें नव्हे, परंतु लिहिणाऱ्यास त्यांची गरज भासली नाहीं. पुढें इंग्रजी अंमल आला, आणि शाळेचा दाखला, कोर्टाचें समन्स, पोस्टाचें पाकीट व सरकारी पगारपत्रक यांस घराण्याचें एकच एक नांव हवें झालें. त्या वेळीं ज्याच्या हाताशीं जें होतें तें त्याला कायमचें चिकटलें. कोणास गांव चिकटलें, कोणास वतन, कोणास हुद्दा. कोणास एखाद्या पूर्वजाचें शारीरिक व्यंगहि.

गांवावरून आलेल्या नांवांचीं उदाहरणें या भागांत पाहिजे तितकीं आहेत. जत संस्थानचे डफळे हे मूळचे चव्हाण. डफळापूरची पाटिलकी त्यांच्याकडे होती, आणि गांवाचें नांव आडनांव होऊन बसलें. फलटणचे निंबाळकर हे पवार; निंबळक गांवावरून ते निंबाळकर झाले. आटपाडीजवळच्या माडगुळ्यानें मराठीस दोन माडगूळकर बंधु दिले, आणि कुंडलच्या माळावर १९१० सालीं ज्यांचा कारखाना उभा राहिला त्या किर्लोस्करांनीं मालवणाकडील किर्लोस गांवाचें नांव नांगरावर कोरून शेतोशेतीं पोंचविलें. गांव लहान व त्या नांवानें बाहेर पडलेलें घराणें एकच असलें, म्हणजे आडनांव विरळ राहतें. येथवर कांहीं गूढ नाहीं.

हुद्द्यावरून आलेल्या आडनांवांचा प्रकार अधिक मौजेचा आहे, कारण तेथें आडनांवाची संख्या जवळजवळ गणितानें काढतां येते. गांव तेथें पाटील आणि गांव तेथें कुलकर्णी. अर्थात् जितकीं गांवें तितकीं निदान पाटलांचीं व कुलकर्ण्यांचीं घराणीं. परगण्यास देशमुख व देशपांडे. परगणे गांवांहून थोडे, म्हणून देशपांडे कुलकर्ण्यांहून थोडे. याच्या वरचा थर दप्तरांतल्या मंडळींचा. फारसी 'नवीस' म्हणजे लिहिणारा. त्याचें 'नीस' झालें, आणि चिटणीस, फडणीस, पोतनीस, सबनीस, कारखानीस, पारसनीस अशी एक पलटणच उभी राहिली. हे लेखनिक प्रत्येक दरबारीं, बड्या सरदाराच्या पदरीं आणि कांहीं ठिकाणीं किल्ल्याकिल्ल्यावर असत, म्हणून त्यांचीं आडनांवेंहि अनेक ठिकाणीं स्वतंत्रपणें उगवलीं. सातारच्या राजदप्तरांतील चिटणीस म्हणजे बाळाजी आवजींचे वंशज. हे मूळचे चित्रे. परंतु चिटणीस म्हणवणारें प्रत्येक घर बाळाजी आवजींचें असें मानल्यास फसगत होईल. कोल्हापुरास चिटणीस होते, नागपुरास होते, बडोद्यासहि होते. कुलकर्णीपणाचें वतन १९५० च्या कायद्यानें गेलें, पाटिलकीचा अधिकार १९६२ च्या कायद्यानें गेला. माणसें मात्र अजून तेवढींच पाटील व तेवढींच कुलकर्णी आहेत.

यावरून एक साधा नियम निघतो. हुद्द्यावरून पडलेलें आडनांव किती घरीं असेल, हें तो हुद्दा राज्यांत किती ठिकाणीं होता यावर अवलंबून असतें. हा नियम केवळ आपल्या मुलुखाचा नव्हे. आयर्लंडांत बाराव्या शतकाच्या अखेरीस थिओबाल्ड वॉल्टर या नॉर्मन सरदारास राजाच्या मद्यकोठाराचा मुख्य अधिकारी, म्हणजे बटलर, हें पद वंशपरंपरा मिळालें. त्याचे वंशज बटलर झाले आणि ऑर्मंडचे अर्ल म्हणून गाजले. परंतु बटलर हा नोकर प्रत्येक मोठ्या घरीं असतो, म्हणून बटलर हें आडनांव इंग्लंड-आयर्लंडांत मुबलक आहे, आणि त्यांतील सर्वच कांहीं अर्लांचे भाऊबंद नव्हत. स्कॉटलंडचा राजगृहाचा मुख्य कारभारी तो 'स्ट्यूअर्ड'. त्याच्या वंशानें राज्यच मिळविलें आणि स्टुअर्ट हें राजघराणें झालें. आयर्लंडांत तर रॉबर्ट मॅथेसन नांवाच्या अधिकाऱ्यानें १८९० सालच्या जन्मांच्या नोंदींवरून कोणतें आडनांव किती याचीं कोष्टकें तयार करून १८९४ सालीं प्रसिद्ध केलीं. आपली खानेसुमारी माणसें मोजते, घरें मोजते, एके काळीं जातीहि मोजीत असे. आडनांवांचीं कोष्टकें ती छापीत नाहीं. तेव्हां आपल्याकडे ज्यास हें काम करावयाचें असेल त्यानें आंकड्यांच्या आधीं पदाचा इतिहास व वंशावळ हातीं घ्यावी. पाटलांच्या बाबतींत हा उद्योग जन्मांत पुरा होणार नाहीं. प्रतिनिधींच्या बाबतींत मात्र तो एका बैठकींत होतो.

राज्याभिषेकाच्या वेळच्या अष्टप्रधानांत प्रतिनिधि नव्हता. तें पद संकटानें निर्माण केलें. १६८९ सालीं संभाजी महाराजांचा वध झाला, रायगड पडला, आणि राजाराम महाराज कर्नाटकांत जिंजीस निघून गेले. राजा एकीकडे व राज्य दुसरीकडे अशी स्थिति झाली. त्या वेळीं राजाच्या नांवानें व राजाच्या अधिकारानें वागणारा, अष्टप्रधानांच्या वर बसणारा, असा एक पुरुष पाहिजे होता. तो अधिकार न्यायाधीश निराजी रावजींचे पुत्र प्रल्हाद निराजी यांस देण्यांत आला, आणि पदाचें नांव 'प्रतिनिधि' असें ठेवण्यांत आलें. वाचकांनीं हें ध्यानांत ठेवावें, कीं पहिल्या प्रतिनिधीचें आडनांव प्रतिनिधि झालें नाहीं. प्रल्हादपंत जिंजीसच वारले, आणि पुढें पद त्यांच्या वंशांत टिकलें नाहीं. आडनांव पडावयास पद नुसतें मिळून चालत नाहीं, तें घरांत मुरावें लागतें.

ज्यांच्या घरीं तें मुरलें ते परशुराम त्रिंबक हे कोरेगांव तालुक्यांतील किन्हई गांवचे कुलकर्णी. म्हणजे पुन्हां कुलकर्णीच! देशांतील सर्वांत मुबलक आडनांवांपैकीं एकाच्या पोटांतून हें अत्यंत विरळ आडनांव जन्मास आलें. रामचंद्रपंत अमात्यांच्या हाताखालीं परशुरामपंत नांवारूपास आले. १६९२ त त्यांनीं पन्हाळा मोंगलांकडून परत घेतला, आणि पुढें औरंगजेब जातीनें सातारच्या किल्ल्यास वेढा घालून बसला तेव्हां शेजारच्या परळीच्या किल्ल्यावरून साताऱ्यास मदत पोंचविण्याची खटपट त्यांनीं चालविली. किन्हईच्या कुलकर्ण्यानें लेखणी ठेवून तलवार घेतली, आणि राजाराम महाराजांनीं त्यांस प्रतिनिधि केलें.

येथून पुढें हें पद त्यांच्या घरीं सुखानें नांदलें असें मात्र समजूं नये. १७०७ सालीं शाहू महाराज सुटून आले, तेव्हां परशुरामपंत ताराबाईंच्या पक्षास राहिले. खेडच्या लढाईंत धनाजी जाधव शाहूंस मिळाले. परशुरामपंत हटून सातारच्या किल्ल्यांत शिरले. किल्ल्याचा अंमलदार शेख मिरा याचीं बायकामुलें वाईस होतीं, तीं शाहूंच्या हातीं लागलीं. त्यानें परशुरामपंतांसच कैद करून किल्ल्याचे दरवाजे उघडले, आणि १७०८ च्या आरंभीं त्याच किल्ल्यावर शाहूंस राज्याभिषेक झाला. प्रतिनिधिपद प्रल्हाद निराजींचे पुत्र गदाधर प्रल्हाद यांस देण्यांत आलें. या क्षणीं कोणीं आमच्यासारखा आडनांवांचा हिशेब मांडला असता, तर 'प्रतिनिधि' हें आडनांव प्रल्हादपंतांच्या वंशजांस पडणार असेंच त्यानें भाकीत केलें असतें. परंतु गदाधरपंत लवकरच गेले, पद पुन्हां परशुरामपंतांकडे आलें, पुन्हां गेलें आणि पुन्हां आलें. त्यांचे थोरले पुत्र कृष्णाजी कोल्हापूरच्या पक्षास मिळाले, तेव्हां शाहू महाराजांचा संताप इतका झाला कीं पंतांचे प्राण खंडो बल्लाळ चिटणीसांच्या रदबदलीमुळें वांचले असें सांगतात. १७१८ त परशुरामपंत वारले त्या वेळीं पद घरांत ठरलेलें होतें, आणि त्यांचे दुसरे पुत्र श्रीनिवास ऊर्फ श्रीपतराव यांनीं तें १७४६ पर्यंत चालविलें. बाजीरावांच्या उत्तरेकडील मोहिमांस सातारच्या दरबारांत ज्यांनीं विरोध केला, आणि माहुलीच्या संगमावर विश्वेश्वराचें देऊळ ज्यांनीं बांधविलें, ते प्रतिनिधि हेच.

कृष्णाजींचा हा फितवा आमच्या विषयाच्या दृष्टीनें फार महत्त्वाचा आहे. मराठ्यांचीं दोन राज्यें झालीं, म्हणून प्रतिनिधीचीं पदेंहि दोन झालीं. कोल्हापूरच्या छत्रपतींनीं कृष्णाजींस आपले प्रतिनिधि केलें. त्यांच्या वंशाकडे विशाळगडची जहागीर राहिली आणि मलकापूर हें त्यांचें ठिकाण झालें. गाद्या दोन, त्यामुळें आडनांवाचीं झाडेंहि दोन, आणि त्या दोन्ही झाडांचें मूळ किन्हईंत एकच. तिसरें छत्रपतींचें राज्य झालें नाहीं, म्हणून तिसरें प्रतिनिधिघराणेंहि झालें नाहीं. चिटणीसांचें तसें नव्हे. नव्या सरदारानें नवी गादी मांडली कीं तिच्याशेजारीं एक नवा चिटणीस दौत घेऊन बसतच असे. एखाद्या शिंदे-होळकरांस चिटणीस ठेवतां येत होता, प्रतिनिधि ठेवतां येत नव्हता. कारण प्रतिनिधि राजाचा, आणि ते राजे नव्हते.

याच ठिकाणीं 'मुतालिक' या आडनांवाची आठवण होते. मुतालिक म्हणजे हुद्देदाराच्या वतीनें काम पाहणारा, अर्थात् प्रतिनिधीचाहि प्रतिनिधि. शाहूंच्या मृत्यूनंतर १७५० सालीं पेशव्यांच्या विरुद्ध सांगोल्याचा किल्ला धरून बसलेले यमाजी शिवदेव हे प्रतिनिधींचे मुतालिक होते. परंतु मुतालिक सर्वच प्रधानांस आणि पुष्कळ वतनदारांस असत. त्यामुळें मुतालिक हें आडनांव कृष्णाकांठापासून थेट कर्नाटकांत भेटतें. धनी विरळ आणि त्याचा गुमास्ता मुबलक, अशी ही गंमत आहे.

सांगलीच्या पटवर्धनांचें उदाहरण याच्या अगदीं उलट पडतें. त्यांचे मूळपुरुष हरभट हे कोकणांतील कोतवड्याचे. ते इचलकरंजीकरांचे कुलोपाध्याय झाले, आणि त्यांच्या मुलांनातवांनीं पेशवाईंत तलवार गाजवून मिरज, सांगली, कुरुंदवाड, जमखिंडी हीं संस्थानें उभारलीं. परंतु त्यांनीं आपलें मूळचें आडनांव टाकलें नाहीं, आणि तें कोकणस्थांत पूर्वींपासून अनेक घरीं होतें. म्हणून पटवर्धन म्हटल्यानें कोणीं राजा ठरत नाहीं. ज्या इचलकरंजीकरांच्या आश्रयानें ते वर आले, त्यांची कथा तर याहून निराळी. त्यांचे मूळपुरुष नारो महादेव हे जोशी, परंतु सेनापति संताजी घोरपड्यांनीं त्यांस पुत्रवत् वाढविलें, म्हणून कृतज्ञतेनें त्यांनीं धन्याचें आडनांव घेतलें, आणि ब्राह्मण घोरपडे असें घराणें निर्माण झालें. जन्मानें, गांवानें, हुद्द्यानें आणि प्रेमानें अशा चारी वाटांनीं आलेलीं आडनांवें या कृष्णा-वारणेच्या टापूंत एकमेकांच्या शेजारीं नांदत आहेत.

असो. प्रतिनिधींच्या घराण्यांत पुढें एक विलक्षण पुरुष होऊन गेला, ज्याला लोक 'थोटे पंत' म्हणून ओळखतात. परशुराम श्रीनिवास हे त्यांचें नांव. पाळण्यांत असतांनाच त्यांच्याकडे पद आलें. आईशीं व कारभाऱ्यांशीं बेबनाव होऊन ते म्हसवडास नजरकैदेंत पडले, ताई तेलीण हिनें त्यांस सोडविलें, आणि पेशव्यांच्या विरुद्ध त्यांनीं बंड उभारलें. १८०६ च्या सुमारास वसंतगडाजवळ बापू गोखल्यांनीं त्यांस गांठलें. त्या झटापटींत पंत जखमी होऊन हातास मुकले. धनी कैदेंत गेल्यावरहि ताईनें वासोट्याचा किल्ला कित्येक महिने लढविला. तिच्या शौर्यावरची मौजेची ओळ सातारा जिल्ह्यांत अजून लोकांच्या तोंडीं आहे. आमच्या आजच्या विषयांत तिला जागा नाहीं. येवढेंच सांगतों, कीं 'थोटे' हें लोकांनीं दिलेलें नांव पंतांच्या पुढें सरकलें नाहीं. सामान्य घर असतें तर 'थोटे' हेंच आडनांव होऊन बसलें असतें, कारण अशीं आडनांवें आपल्याकडे व्यंगावरूनच पडलेलीं आहेत.

पेशवाई बुडाल्यावर १८२० सालीं इंग्रजांनीं प्रतिनिधींशीं तह करून औंधची जहागीर त्यांच्याकडे ठेवली. ते सातारच्या छत्रपतींचे मांडलिक राहिले. यानंतर १८४८ हें साल आलें, आणि आमच्या मतें 'प्रतिनिधि' या शब्दाच्या चरित्रांत याच्याइतकें मोठें साल दुसरें नाहीं. त्या वर्षीं सातारचे छत्रपति आप्पासाहेब वारले. त्यांनीं घेतलेला दत्तक इंग्रजांनीं मान्य केला नाहीं, आणि सातारचें राज्य खालसा झालें. त्याच वर्षीं थोटे पंतहि वारले. त्यांसहि औरस संतति नव्हती. परंतु त्यांचे दत्तक पुत्र श्रीनिवासराव यांस औंधची जहागीर मिळाली. राजाचा वंश दत्तकानें चालूं दिला नाहीं, आणि राजाच्या प्रतिनिधीचा चालूं दिला! ज्यांच्या वतीनें वागावयाचें ते छत्रपतीच साताऱ्यास उरले नाहींत. तोंवर 'पंतप्रतिनिधि' हा हुद्दा होता. त्या दिवसापासून तें आडनांव झालें. हुद्दा आणि आडनांव यांच्यामधली रेषा इतकी स्वच्छपणें दाखवितां येईल असें दुसरें उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं. चिटणीस, फडणीस केव्हां नुसते नांवाचे चिटणीस, फडणीस झाले, तें घराघरांगणिक निराळें आहे. येथें साल सांगतां येतें.

यावरून आडनांव विरळ कां राहिलें त्याचें दुसरेंहि कारण दिसतें. पद एकाच्याच हातीं जावयाचें, आणि वंश कांहीं वेळां दत्तकावर चालावयाचा. अशा घराण्याचा विस्तार पटवर्धनांसारखा चोहोंकडे होत नाहीं. किन्हईंत मागें राहिलेले भाऊबंद हे कुलकर्णीच राहिले, कारण प्रतिनिधिपदावर त्यांचा हक्क नव्हता. किन्हईस गेल्यास साखरगडच्या डोंगरावर यमाईचें देऊळ आणि गांवांत पंतांचा वाडा उभा दिसतो. पण गांवच्या दप्तरीं ज्या घराण्याचा हक्क होता तें कुलकर्ण्यांचेंच.

घराण्याच्या शेवटच्या राज्यकर्त्यांनीं या शब्दाची कथा आणखी एका वळणावर नेली. भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि १९०९ सालीं औंधच्या गादीवर आले. स्वतः चित्रकार व कीर्तनकार, सूर्यनमस्काराचे कट्टे पुरस्कर्ते, आणि औंधच्या डोंगरावर अजून उभ्या असलेल्या संग्रहालयाचे निर्माते, असा हा राजा होता. त्यांनीं १९३८ सालीं आपला अधिकार प्रजेस देण्याचें जाहीर केलें, आणि १९३९ च्या जानेवारींत महात्मा गांधींच्या सल्ल्यानें तयार झालेली राज्यघटना अमलांत आणली. खेड्यानें आपली पंचायत निवडावी, पंचायतींतून तालुक्याची समिति व्हावी, आणि तीतून राज्याची सभा, अशी ती रचना होती. राज्य तें केवढें, तर सुमारें ७२ खेड्यांचें. आणि तींहि सलग नव्हेत. औंध एकीकडे, आटपाडीचा दुष्काळी माळ दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे. आज औंध सातारा जिल्ह्यांत आहे, तर आटपाडी व कुंडल हीं सांगलींत. कारण १९४९ त साताऱ्याचा दक्षिण भाग निराळा काढून 'दक्षिण सातारा' जिल्हा केला गेला, त्यालाच १९६० पासून सांगली म्हणतात.

त्या १९३९ च्या घटनेंत आमचें लक्ष वेधतें तें एका शब्दावर. ज्या घराण्याचें नांवच राजाचा प्रतिनिधि, त्या घराण्यानें आटपाडीच्या शेतकऱ्याला सांगितलें, कीं तुमचे प्रतिनिधि तुम्ही निवडा. शब्द तोच, पूर्वीं तो वरून खालीं येत असे, आतां खालून वर जाऊं लागला. आज 'प्रतिनिधि' म्हटल्याबरोबर मराठी मनुष्याच्या मनांत मतदानानें निवडलेल्या माणसाचें चित्र उभें राहतें, जिंजीच्या दरबारांत अष्टप्रधानांच्या वर बसणाऱ्या पुरुषाचें नव्हे. हा जो अर्थाचा पालट सबंध देशांत झाला, तो औंधांत एका घराच्या उंबऱ्यावर झाला. ८ मार्च १९४८ रोजीं औंध मुंबई प्रांतांत विलीन झालें, आणि १९५१ सालीं बाळासाहेब कैलासवासी झाले.

आतां आडनांवाच्या आजच्या स्थितीकडे येऊं. चार अक्षरांच्या आडनांवापुढें 'पंत' लागून तें सहा अक्षरांचें होतें. इंग्रजी अर्जांतील चौकटींत तें मावत नाहीं, आणि परमुलखांतल्या माणसाच्या जिभेवर बसत नाहीं. लोक मग सोय पाहतात. कोणी पुढचें 'पंत' ठेवून मागचें टाकतात, कोणी उलट करतात. ज्यानें 'पंत' ठेवलें तो मात्र एका निराळ्याच गर्दींत जाऊन पडतो. मराठींत पंत ही आदरार्थी पदवी, पंडित शब्दाचें अपत्य. पण हिमालयाच्या पायथ्याशीं कुमाऊंत पंत हें घरोघरचें आडनांव आहे. संयुक्त प्रांताचे मुख्यमंत्री व पुढें केंद्राचे गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत तिकडचे, कवि सुमित्रानंदन पंतहि तिकडचे. त्या पंतांची परंपरा आपला मूळपुरुष कोकणांतून आला असें सांगते, हें ऐकून आपणांस बरें वाटतें. परंतु किन्हईच्या कुलकर्ण्यांशीं त्यांचा संबंध जोडतां येत नाहीं. ज्यानें 'पंत' तेवढें ठेवलें, त्याच्या नांवावरून जिंजी, पन्हाळा, औंध यांपैकीं कांहींच ओळखतां येत नाहीं. आणि नांवांच्या यादीवरून आडनांवांची संख्या काढूं पाहणाऱ्यानें त्यास कुमाऊंच्या खात्यांत मांडलें, तर त्या बिचाऱ्याचा काय दोष? विरळ आडनांवें वंश बुडूनच नाहींशीं होतात असें नव्हे. पुष्कळदां तीं शेजारच्या मोठ्या आडनांवांत विरघळून जातात.

याचें जें उदाहरण सर्वांस ठाऊक आहे, तें बाळासाहेबांच्या पुत्रांचें. १९३९ च्या घटनेनंतर औंधचे मुख्य प्रधान म्हणून काम केलेले आप्पासाहेब, संस्थान विलीन झालें त्याच १९४८ सालीं हिंदुस्थान सरकारतर्फे पूर्व आफ्रिकेंत नैरोबीस आयुक्त म्हणून गेले. पुढें सिक्कीम, इंडोनेशिया, नॉर्वे, मिसर, लंडन, रोम असा त्यांचा प्रवास झाला. स्वतंत्र देशाचे प्रतिनिधि म्हणून त्यांनीं ठिकठिकाणच्या राजांना व राष्ट्राध्यक्षांना आपलीं अधिकारपत्रें सादर केलीं. त्यांच्या ग्रंथांवर आणि परदेशच्या दप्तरांत त्यांचें नांव 'आपा पंत' येवढेंच आढळतें. पुढचा शब्द त्यांच्या हुद्द्यांत होता.